बालकांच्या कक्षात उंदीर, जबाबदारी कंत्राटदारावर?

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या शासकीय महाराजा यशवंतराव रुग्णालयात, अतिदक्षता कक्षातील दोन नवजात बाळांना उंदरांनी चावे घेतले. काही दिवसांतच दोन्ही बाळे दगावली. त्यांपैकी एक धार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबातले होते. मृत्यूचे कारण जन्मजात व्यंग असल्याचे प्रशासनाने सांगितले. ते मान्य केले तरी, जिथे हात धुतल्याशिवाय बाळाला स्पर्श करायचा नसतो, तिथे उंदीर शिरलेच कसे? स्वच्छतेचे काम खासगी कंपनीकडे होते. तिला एक लाखाचा दंड झाला. पण कंत्राट दिल्याने शासनाची जबाबदारी संपत नाही. संसर्ग साबण, पाणी आणि प्रशिक्षित सफाई कामगार रोखतात. सफाईला जातीचे काम समजणारी व्यवस्था या कामगारांना रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीत जागा देणार का?