बिनपाटीचा गुत्ता

माझ्या आयुष्यात मी चोरून केलेल्या गोष्टी फार थोड्या. लग्नाआधी एक मॅटिनी, बँकेत असताना कामाच्या वेळात सोडवलेली शब्दकोडी आणि डायबेटिस निघाल्यानंतरचे गुलाबजाम. तिन्ही वेळा छाती धडधडली होती, आणि तिन्हींचा मिळून खर्च शंभर रुपयांच्या आत होता. त्यामुळे गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, आज तुला एका गुप्त बारमध्ये नेतो," तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली ही छाती पुन्हा एकदा धडधडून घ्यावी म्हटलं.

जागा लोअर परळची. दारावर पाटी नाही. बाहेरून पाहावं तर शिंप्याचं दुकान. जुनं पायमशीन, भिंतीवर कात्र्या आणि गळ्यात टेप टाकलेला एक तरुण. माझ्या पिशवीत, 'जाता जाता टाका' म्हणून आमच्या हिने दिलेली, कमरेत आवळत चाललेली पँट होती. मी ती भाबडेपणाने काढून पुढे धरली आणि विचारलं, "मंगळवारपर्यंत मिळेल का?"

तो तरुण गोंधळला. भाचा लाजला. मग दुपारी मोबाइलवर आलेला परवलीचा शब्द त्याने त्या तोतया शिंप्याच्या कानात सांगितला. आतल्या वाजंत्रीच्या दणदणाटात शिंप्याला तो ऐकू गेला नाही. पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा तो रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही कळला. मग ट्रायल रूमचा आरसा दारासारखा उघडला आणि आम्ही आत शिरलो.

आत अंधार. इतका, की मेनू वाचायला प्रत्येकाने मोबाइलचा दिवा लावलेला. दिवा लावलाच आहे तर फोटोही काढावा, या न्यायाने जो तो आपण कुठे बसलो आहोत हे जगाला कळवत होता. इतकी जाहीर गुप्तता मी फक्त निवडणुकीतल्या नाराज गटांच्या बैठकीत पाहिली आहे. माझ्यापुढे काचेच्या घुमटाखाली धूर कोंडलेला एक ग्लास आला. घुमट उचलल्यावर लहानपणच्या बंबाची आठवण झाली, फरक एवढाच की बंबातून बादलीभर पाणी निघायचं. इथे तीन घोट निघाले. किंमत साडेनऊशे, कर वेगळा.

"मामा, याला स्पीकइझी म्हणतात," भाचा ओरडला. ओरडला, कारण त्या गोंगाटात 'हळू बोला' हे सांगायलाही ओरडावंच लागत होतं.

मला हे प्रकरण अगदीच अपरिचित होतं असं नाही. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात तिथे हे चोरटे अड्डे निघाले. न्यूयॉर्कच्या 'ट्वेंटीवन क्लब'मध्ये म्हणे कळ दाबली की बाटल्यांची फळी कलंडायची आणि सगळा माल थेट गटारात. तळघराच्या दाराला कुलूप नव्हतं, भिंतीतल्या बारीक भोकात तार घातली की ते उघडायचं. त्या दारामागे अक्कल होती, कारण त्याच्यापुढे पोलीस होता. पुढे बंदी उठली, पोलीस गेला. मग २००७ साली त्याच शहरात सॉसेजच्या दुकानातल्या टेलिफोनच्या खोक्यातून शिरायचा एक बार निघाला. त्याचं नावच 'कृपया कुणाला सांगू नका'. ते साऱ्या जगाने एकमेकांना सांगितलं, आणि तेव्हापासून गावोगाव कपाटं, फ्रीज आणि आरसे उघडू लागले.

पण मी म्हणतो, मुंबईने हे अमेरिकेकडून उसनं का आणावं? चोरून पिण्यात आमचं शहर कुणाला हार गेलेलं नाही. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, मोरारजीभाई गृहमंत्री असताना. तो इतका कडक, की बलसारा नावाच्या गृहस्थांना व्हिस्की-ब्रँडीबरोबर ओ-द-कोलोनच्याही हक्कासाठी कोर्टात जावं लागलं. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं सोडवली. व्हिस्की तेवढी आत राहिली. मग डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून 'आरोग्यासाठी' पिणारे वरच्या मजल्यावर गेले, आणि ज्यांना आजारी पडणं परवडत नव्हतं ते आंटीकडे.

आमच्या गिरगावातल्या चाळीमागेही एक आंटी होती. पाटी तिच्याकडेही नव्हती. बाहेरच्या खोलीत येशूची तसबीर, मेणकापडाचं टेबल, उकडलेली अंडी आणि चणे. माल टायरच्या ट्यूबमधून यायचा, मापं नवटाक आणि पावशेर. गल्लीच्या तोंडाशी पिवळी टोपी दिसली की नाक्यावरचं पोरगं शीळ घालायचं. हप्ता पोचलेला असला तर शीळही नाही. परवलीचा शब्द लागत नसे, गिऱ्हाईकाचा चेहराच पुरे. तोच तर प्रत्येकजण लपवत असे.

आमच्या समोरच्या खोलीतले काका तिथे जायचे. छापखान्यात कंपोझिटर. हात असा चपळ, की बोलता बोलता पान जुळवत. एका शनिवारी कुठला तरी वाईट माल आला. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने डोळे जातात हे आज शाळकरी पोराला माहीत असतं. तेव्हाही कुणाला तरी माहीत असणारच, पण विचारायचं कुणाला? डॉक्टरकडे न्यावं तर पोलीस केस होईल, म्हणून काकूंनी दोन दिवस चाळभर सांगितलं, "डोळे आलेत." तिसऱ्या दिवशी नेलं तेव्हा डोळे गेलेले होते. नोकरीही गेली. पुढे काका गॅलरीत बसून खिशातले छापखान्याचे खिळे बोटांनी चाचपत आणि मला सांगत, "हा क. हा म." एकदाही चुकले नाहीत.

पाटी नसण्याचा अर्थ मला तिथे कळला. जिथे पाटी नसते तिथे तक्रार कुणाकडे करायची तेही नसतं. हे जुन्या काळापुरतं आहे असंही नाही. २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक माणसं अशाच विषारी दारूने मेली. त्यांच्या गुत्त्याचा फोटो कुणी हौसेने काढला नव्हता.

"मामा, गंमत असते रे! नाटकासारखं," भाचा म्हणाला.

नाटक मला मान्य आहे. पण नाटकाच्या थिएटरवर चांगला ठसठशीत फलक असतो, तिकिटाचे दर लिहिलेले असतात. माझं भांडण दारूशी नाही, साडेनऊशेंशीही नाही. भांडण त्या आरशाशी आहे. ज्या भीतीने काकांचे डोळे घेतले ती धुतली, इस्त्री केली आणि आम्ही तिकीट लावून विकायला काढली. बरं, खरीखुरी चोरीच हवी असेल तर ती इथे फुकट आहे. महाराष्ट्रात आजही दारू प्यायला परवाना लागतो. आपल्या बारना 'परमिट रूम' उगाच म्हणत नाहीत.

मी वेटरला विचारलं, "परमिट बघत नाही का?"

"सर, पार्किंगचं बाहेर व्हॅले बघतो," तो म्हणाला.

मी पाकिटातून माझा लॅमिनेट केलेला आजन्म परवाना काढून टेबलावर ठेवला. जन्मभर कारकुनी केलेला माणूस दुसरं काय करणार? भाच्याकडे परवाना नव्हता. "अरे, म्हणजे त्या खोलीत तू सकाळपासून, सॉरी, संध्याकाळपासून खरा गुन्हा करतोयस," मी म्हटलं, "त्यासाठी आरशातून यायची काय गरज होती?" भाच्याने पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

बाहेर पडलो. नाक्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात एक भलीमोठी पाटी होती : 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. परवाना क्रमांकासकट. सगळं उघड, सगळं कायदेशीर. तेवढ्यात आतून अंगावर सिमेंटची धूळ असलेला एक माणूस बाहेर आला. आमचे कपडे पाहिले आणि त्याने झटकन रुमालाने तोंड झाकलं.

भाचा तेव्हा टॅक्सीत बसून मघाचे फोटो मित्रांना पाठवत होता. पँट तशीच पिशवीत होती.