काच बसविणाऱ्याचा परवाना

मुंबईत नळजोडणी घ्यावयाची तर महापालिकेचा परवानाधारक प्लंबर लागतो. विजेचे काम करावयाचे तर राज्य शासनाचा परवाना असलेला ठेकेदार लागतो. परंतु वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा पुण्याच्या हिंजवडीत पंधराव्या मजल्यावर काचेची भिंत उभारावयाची असेल, तर ती उभारणाऱ्याला हे काम येते काय, असे विचारणारा परवाना नाही. कंत्राटी मजूर ठेवण्यासाठी जो परवाना लागतो तो डोकी मोजतो, हातातले कसब पारखीत नाही.

काचेचे वजन सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १२ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला सुमारे ३० किलो भरते. तीन मीटर उंच व दीड मीटर रुंद असे एकच तावदान १३५ किलोंचे झाले! ते धातूला भिडू न देता रबरी ठोकळ्यांवर टेकवावे लागते, उन्हाने प्रसरण पावण्यास चौकटीत जागा ठेवावी लागते. सिलिकॉनने सांधावयाचे तर पृष्ठभाग स्वच्छ हवा, आणि सांधा पुरता पक्का होईपर्यंत थांबण्याचा धीर हवा. घाईत यांतील एखादी गोष्ट राहिली, तरी काम संपले त्या दिवशी भिंत चकाकतच असते. दोष दिसतो तो पुढल्या एखाद्या पावसाळ्यात. तोवर ठेकेदार दुसऱ्या गावी गेलेला असतो. भारतीय मानकांत आय. एस. १६२३१ ही काचेच्या वापराची संहिता आहे, २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही काचकामाचा विभाग आहे. नियमांचा दुष्काळ नाही. ते जाणणाराच कामावर असावा, एवढीच सक्ती राहून गेली आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काचकामाच्या ठेकेदारासाठी 'सी-१७' हा स्वतंत्र परवाना आहे. मागील दहा वर्षांत किमान चार वर्षे कसबी कारागिराचा अनुभव, कायदा आणि व्यवसाय अशा दोन परीक्षा, शिवाय २५ हजार डॉलरांचा हमीरोखा. जाहिरातीतही परवाना क्रमांक छापावा लागतो.

परवाना म्हटला की आपल्याकडे कपाळाला आठी पडते, आणि ती अकारण नव्हे. परवाना एकाचा व काम दुसऱ्याचे, ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. शालान्त परीक्षेच्या दाखल्याची अट घातली, तर वीस वर्षे काच हाताळणारा कारागीर बाहेर राहील आणि कागद बाळगणारा आपले नाव भाड्याने देईल. म्हणून परीक्षा प्रत्यक्ष चौकटीवर, मराठीत वा हिंदीत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून घ्यावी. परवाना क्रमांक भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जावर नोंदला जावा. आज मालक वास्तुविशारदाकडे बोट दाखवितो, वास्तुविशारद ठेकेदाराकडे, ठेकेदार उपठेकेदाराकडे. आणि खालून बसथांब्याकडे जाणाऱ्या कारकुनाला यांपैकी कोणाचेही नाव ठाऊक नसते.

सर्वत्र एकदम सक्ती केल्यास कारागिरांचा तुटवडा पडेल, हा बांधकाम व्यावसायिकांचा आक्षेप उघडच येईल. त्यात तथ्य आहे. तेव्हा पहिली दोन वर्षे ही अट वर्दळीच्या रस्त्यालगतच्या उंच इमारतींपुरतीच ठेवावी, आणि आज काम करीत असलेल्यांना परीक्षेस बसण्याची पहिली संधी विनाशुल्क द्यावी.