समजून घ्या : शहराचा जुना नकाशा कुठे जातो? महापालिकांनी सातबाऱ्याकडून काय शिकावं?

पुण्याजवळच्या फुरसुंगीत २०१९ मध्ये रस्त्यावरचे दिवे बंद पडले असते, तर तक्रार कोणाकडे करायची? आजचा नकाशा पाहिलात तर उत्तर येईल, नगर परिषदेकडे. पण २०१९ साठी हे उत्तर चूक आहे.

नेमकं काय बदललं?

ऑक्टोबर २०१७ मध्ये फुरसुंगी, उरुळी देवाचीसह ११ गावं पुणे महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये आणखी २३ आली. सप्टेंबर २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. म्हणजे घर तेच, पण आधी ग्रामपंचायत, मग महापालिका, मग नगर परिषद. कोणत्या वर्षाचा मिळकतकर कोणाचा, परवानगी कोणी द्यायची, हे तारखेवरच ठरतं.

प्रभागांचंही तेच. २०१७ च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभाग होते. २०२२ मध्ये ५८ आखले गेले, पण निवडणूकच झाली नाही. २०२५ मध्ये पुन्हा ४१ झाले. आकडा जुनाच, हद्दी मात्र वेगळ्या. त्यामुळे वर्ष न सांगता नुसता 'प्रभाग क्रमांक' सांगण्याला अर्थ उरत नाही.

अडचण कुठे येते?

नवी फाइल चढवली की जुनी काढून टाकायची, ही आपल्याकडची सवय. एका बातमीसाठी मी एका महापालिकेचा प्रभागांचा नकाशा शोधत होतो. आठवड्यापूर्वी उघडलेल्या लिंकवर आता दुसराच नकाशा होता. काय बदललं, कधी बदललं, याची एक ओळही नव्हती. माझी बातमी एक दिवस उशिरा गेली, इतकंच. पण ज्याच्या प्लॉटवर आरक्षण आहे की नाही, याचा वाद सुरू आहे, त्याचा पुरावाच गेलेला असतो.

मग उपाय काय?

प्रत्येक नोंदीला दोन तारखा हव्यात. पहिली, बदल प्रत्यक्ष कधी लागू झाला. दुसरी, तो कॉम्प्युटरवर कधी चढला. समजा, हद्द १ तारखेला बदलली आणि नोंद २० तारखेला झाली. १० तारखेला निघालेलं बिल चुकीचं होतं, पण कारकुनाने समोर दिसणाऱ्या नोंदीनुसारच काढलं होतं. दोन्ही तारखा असतील तरच चूक कुठे झाली ते कळेल.

हे परदेशी तंत्रज्ञान वाटत असेल तर हस्तलिखित सातबारा आठवा. जुन्या मालकाचं नाव तलाठी पुसून टाकत नसे. त्याला कंस करून शेजारी फेरफार क्रमांक लिहिला जाई आणि फेरफाराची नोंद वेगळ्या नोंदवहीत राही. आज 'ओपनस्ट्रीटमॅप' हा खुला नकाशा हेच करतो. रस्त्यात कोणी बदल केला की नवी आवृत्ती तयार होते आणि जुनीही शिल्लक राहते.

खर्च परवडेल का?

दर वेळी अख्ख्या शहराची प्रत ठेवावी लागत नाही. जे बदललं तेवढंच साठवायचं. त्यामुळे पैसे नाहीत, हे कारण मला पटत नाही. जुनं पुसलं की कोणी विचारायला येत नाही, ही सोय सोडवत नाही, असंच मला वाटतं.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिकेच्या प्रत्येक नकाशावर लागू झाल्याची आणि नोंदीची तारीख असावी, जुनी आवृत्ती त्याच पानावर मिळावी आणि 'अमुक तारखेला इथे काय होतं' हे नागरिकाला अर्ज न करता पाहता यावं.

तोवर एक करा. तुमच्या घराशी संबंधित नकाशा किंवा यादी उघडलीत, की ती डाउनलोड करा आणि फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख टाका. उद्या त्याच लिंकवर वेगळंच काही दिसलं, तर निदान तुमच्याकडे तरी कालचा कागद असेल.