बाळाचे तिकीट आणि सव्वा महिना

माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या परतीची तारीख हल्ली बाळ जन्मायच्या आधीच ठरलेली असते आणि ती ठरवतो जावयाचा साहेब. जावयाला रजा अमुक दिवसांचीच, म्हणून तिकीट अमुक तारखेचे. मग ओली बाळंतीण आणि वीस-बावीस दिवसांचे बाळ यांनी त्या तारखेत कसेबसे बसायचे. आमच्या कर्जत-खालापूर भागात हा प्रकार घरोघरी दिसू लागला आहे आणि तो मला मुळीच पटत नाही.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. लेक दिली जायची ती नेरळला, चौकला, फार तर डोंबिवलीला किंवा घाटापलीकडे लोणावळ्याला. टोपडे, दुपटे, डिंकाचे लाडू बांधून दिले की लोकलने किंवा एसटीने ती दोन तासांत सासरी. आता ती बंगळुरूला असते, दुबईला असते, न्यू जर्सीला असते. पहिले बाळंतपण मात्र अजून माहेरीच. ही रीत चांगलीच आहे, ती टिकावी. पण परतीची वाट आकाशातून जाते, हे धरून तिची आखणी व्हायला हवी.

विमान कंपन्यांचे याबाबतचे नियम वेगवेगळे आहेत. काही कंपन्या आठवडाभराच्या बाळालाही घेतात, मात्र फार लहान बाळ असेल तर डॉक्टरांचा दाखला मागतात. म्हणून लोक म्हणतात, "कंपनी नेते ना, मग झाले तर!" परवानगी असणे वेगळे आणि मानवणे वेगळे. विमान उंचावर असताना आतल्या हवेचा दाब साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे तान्ह्या बाळाला आपण काही तास कळसूबाईहून उंच नेऊन ठेवतो. धडधाकट, पूर्ण दिवसांच्या बाळाला ते सोसते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, छातीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाळाला सोसेलच असे नाही. अशा बाळाचे तिकीट डॉक्टरांना विचारूनच काढावे.

कानांचे म्हणाल, तर बोरघाट उतरताना आपलेही कान दडे बसतातच. आपण आवंढा गिळतो, बाळाला ते सांगता येत नाही. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली येऊ लागते, त्या वेळी बाळाला पाजायला घ्यावे. पुष्कळ आया विमान उडतानाच पाजून मोकळ्या होतात आणि खरी गरज असते तेव्हा बाळ गाढ झोपलेले असते. सर्दीने नाक चोंदले असेल तर प्रवास पुढे ढकलावा. लहान बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात.

इथे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांशी माझे थोडे भांडण आहे. विमानात रडू नये म्हणून जायफळाचे दोन वेढे जास्त द्या, असे सांगणाऱ्या आज्या आजही आहेत. कोणी मधाचे बोट चाटवा म्हणते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातक ठरू शकतो, आणि जायफळाची गुंगी म्हणजे झोप नव्हे. सहा महिने आईचे दूध, बाकी काही नाही. रडले तर रडू द्यावे. विमानातली माणसेही कधीतरी तान्ही होतीच की.

पण त्याच आज्यांच्या सव्वा महिन्याच्या बाजूने मी उभी आहे. विटाळबिटाळ मला मान्य नाही, मात्र चाळीस दिवस बाळंतिणीने घर सोडू नये यातला हिशेब खरा आहे. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. पोट शिवलेले असेल तर आणखीच. तासन्‌तास एका जागी बसणे त्यात भर घालते. शिवाय लसीकरणाच्या तक्त्यात जन्मवेळच्या लसींनंतरचा पुढचा डोस सहा आठवड्यांना येतो. तो डोस द्यावा, अंगातला ताप उतरू द्यावा, मग निघावे. आजीचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचा दीड महिना यांत अंतर फारसे नाही.

कागदपत्रांना तर हा काळही पुरत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, तीही जिथे जन्म झाला तिथे. बाळ पनवेलच्या रुग्णालयात जन्मले तर दाखला पनवेल महानगरपालिकेचा, माहेर कर्जतचे असले म्हणून कर्जत नगरपरिषद तो देणार नाही. नाव न घालता नोंद होते आणि कायदा नावासाठी वर्षभराची मुभाही देतो. पण बिननावाच्या दाखल्यावर पासपोर्ट मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टला जन्मदाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही. तेव्हा बारशाला नाव ठेवताना आत्याने ते कागदावर एकदा लिहूनही दाखवावे. आई-वडिलांच्या पासपोर्टमधले स्पेलिंग आणि दाखल्यातले स्पेलिंग जुळवून पाहावे. परदेशी जायचे तर तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट आणि बहुधा व्हिसाही लागतो. हे सगळे हातात आल्यावर तिकीट काढावे, आधी नव्हे.

आता रस्त्याचे. आमच्या रायगड जिल्ह्यात उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. आपल्याला ते जवळ पडते. मात्र तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते नीट वाचावे. बाळाला घेऊन उलव्याला पोहोचायचे आणि विमान अंधेरीचे, असे व्हायला नको. एवढी विमानाची काळजी करणारे कुटुंब घरून निघते कसे, तर खालापूरजवळ द्रुतगती मार्गावर भरधाव गाडीत पुढच्या सीटवर आजोबा आणि त्यांच्या मांडीवर बाळ! सगळ्या प्रवासात धोक्याचा टप्पा कोणता, तर हाच. जोराचा ब्रेक लागला तर दोन हातांची मिठी बाळाला धरू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलांना पट्ट्याने किंवा बाळाच्या आसनात बांधून नेणे बंधनकारक केले, नाही तर हजार रुपये दंड. मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवायचे तान्ह्याचे आसन बारशाच्या चांदीच्या वाळ्यांऐवजी कोणी दिले तर मला जास्त आवडेल.

राहिला जावयाच्या रजेचा मुद्दा. २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्याच्या कक्षेतल्या नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस. खासगी नोकरीत बापाची रजा मालकाच्या मर्जीवर. म्हणजे आईला वेळ असतो, नसतो तो बापाला. तरीही वेळ असलेल्यांनी वेळ नसलेल्याच्या मागे धावायचे, आणि का, तर "एकटी कशी येईल?" म्हणून. जावयाने बारसे करून एकट्याने पुढे जावे. दोन महिन्यांनी शनिवार-रविवार जोडून न्यायला यावे. तेही जमत नसेल तर आजीने सोबत जावे. एका तिकिटाचा खर्च वाढेल, आणि बारशाच्या हॉलवर आपण जे खर्च करतो त्यातून तो सहज निघेल.