खांदा देणाऱ्यांनो



हा अंक चार महिने उशिरा तुमच्या हातात पडतोय. कागद महागला, प्रेसवाल्याची उधारी थकली, ही नेहमीची कारणं या खेपेला नाहीत. संपादकाची आई वारली. त्याआधी अठरा महिने ती डायलिसिसवर होती. त्या अठरा महिन्यांत आणि नंतरच्या दिवसांत वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका माळ्यानं माझं घर उचलून धरलं. हे संपादकीय त्या माळ्याचं आहे. ज्यांना संपादकीयात फक्त सरकार आणि सनातनी लागतात त्यांनी थोडा दम धरावा. तेही येतील.

आधी हिशेब. डायलिसिस म्हणजे आठवड्याला तीन खेपा, एका खेपेला चार तास मशीनवर. अठरा महिन्यांच्या झाल्या दोनशेच्या वर. आम्ही तिसऱ्या माळ्यावर. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन माळे, एका माळ्यावर वीस खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची. कामगाराला आई असते आणि तिचे गुडघे जातात, हे त्या नकाशात कुठंच नव्हतं. लिफ्टचा प्रश्नच नाही. म्हणजे दोनशेच्या वर वेळा आईला खुर्चीत बसवून खाली उतरवायचं आणि तितक्याच वेळा वर चढवायचं. परत येताना ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी झालेली असायची. मान धरायला वेगळा माणूस लागायचा.

मला हे एकट्याला झेपणारं नव्हतं. नोकरी सोडली तर खायचं काय, नोकरी धरली तर आईला नेणार कोण? चाळीतल्या पोरांनी मला न विचारता पाळी लावली. एक मोटारसायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. एक बँकेत शिपाई. एक चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. एकाला संध्याकाळनंतर बोलावण्यात अर्थ नसतो, पण सकाळी सहाला तो पहिला हजर. चौघं चार गटांचे. सहा डिसेंबरला चार वेगळे मांडव घालणारे, चौदा एप्रिलच्या वर्गणीवरून एकमेकांची कॉलर धरणारे हे चौघं एका खुर्चीचे चार पाय धरून जिना उतरत होते. ऐक्य ऐक्य म्हणून ज्याच्यावर आपल्याकडे इतकी भाषणं झाली, ते ऐक्य मी डोळ्यांनी पाहिलंय. घामाघूम झालेलं होतं आणि जिन्याच्या वळणावर एकमेकांना शिव्या घालत होतं. "तुझी बाजू उचल ना भाड्या, आजी कलतेय!"

हे झालं पोरांचं. पोरांचं काम दिसतं, जिन्यात चारचौघांसमोर होतं. बायकांचं काम दाराआड होतं, म्हणून ते मुद्दाम लिहितो. किडनीच्या माणसाला मीठ नाही, दिवसाचं पाणी मोजून. भाजी चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणीला टाकायची, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. समोरच्या खोलीतली काकी चौथी शिकलेली. तिनं हे सगळं डायलिसिसच्या सिस्टरकडून समजून घेतलं आणि माझ्या बायकोच्या कामाच्या दिवशी आईचा डबा तिच्या स्टोव्हवर शिजू लागला. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन यायचा. शहाळं म्हणजे आईला विषच. काकी दारातच ते काढून घ्यायची आणि पोरांना वाटून टाकायची. माळ्यावरच्या पोरांची त्या दीड वर्षात चंगळ झाली. तीच पोरं आईच्या हातावर, जिथं डायलिसिससाठी शीर जोडली होती तिथं, तळवा ठेवून आतली थरथर बघायची. "आजीच्या हातात मोटर आहे." आई हसायची.

रक्त तीनदा लागलं. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आहे, ती योग्यच आहे. पण पिशवी हवी तर बदली रक्तदाता आणा, हे नातेवाइकांना आजही ऐकावं लागतं. ज्याचं नातं मोठं त्याचं रक्त मोठं! मला भाऊ नाही. तिन्ही वेळा चाळीतून माणसं गेली. एकदा तर पाच गेली, दोघांचं हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवली, ती चेहरा पाडून आली. पिशवीवर रक्तगट लिहितात. जात लिहायला जागा नसते. या देशात जात न लिहिता माणसाच्या अंगात शिरणारी तेवढी एकच गोष्ट असावी.

आई रात्री गेली. सकाळपर्यंत बांबू, पांढरं कापड, गाडी, बौद्धाचार्य, दाखला, सगळं झालं होतं. माझ्या खिशातून एक रुपया गेला नव्हता. मयत फंडातून गेला. हा फंड म्हणजे महिन्याला घरटी काढलेली वर्गणी आणि एक मळकी वही. त्या वहीत कुणाच्या मयतीला किती खर्च झाला ते आहे, कुणी किती महिने थकवले तेही आहे. थकवलेल्याच्या घरी मयत झाली तर पैसे देत नाहीत, असं एकदाही झालेलं नाही. तिरडीला माझ्या दोन्ही बहिणींनी खांदा दिला. कुणी हटकलं नाही. हटकणार कोण? १८९० साली जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेपुढे टिटवं धरून सावित्रीबाई चालल्या होत्या. आमच्या बहिणींना परवानगी तिथून मिळालेली आहे.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी काकीकडे गेलो. म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू. काकी भडकली. "मोठा झालास काय रे? उपकार कसले? उद्या मी पडले तर तू काय दार लावून बसणार हाईस?"

दोस्तहो, या एका प्रश्नात जे आहे ते आपल्या दहा ठरावांत नाही. ते नीट उलगडून बघू.

दुसऱ्याच्या मरणात राबणं आपल्याला नवं नाही. गावात कुणी मेलं की परगावच्या नातेवाइकांना वर्दी द्यायला उन्हातान्हात पळायचा तो महार. चितेची लाकडं त्यानं आणायची. मेलेलं ढोर त्यानं ओढायचं. मढ्यावरचं कापड हा त्याचा हक्क, आणि त्याला हक्क म्हणताना कुणाची जीभ अडखळत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या आपण साऱ्या गावाच्या मयती पार पाडल्या आणि गावानं कधी आभार मानले नाहीत, कारण वेठीचे आभार मानत नसतात. बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं बिल मांडलं. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. तेव्हा बाबासाहेब नव्हते.

आता बघा. वर्दी द्यायचं काम आजही चाळीतली पोरं करतात. मोबाईलवरून शंभर लोकांना कळवतात. लाकडं, बांबू, कापड आजही तीच आणतात. काम तेच आहे, माणसंही त्याच आज्यांची नातवंडं आहेत. फरक एवढाच की आता कुणी हुकूम दिलेला नाही. त्याच कामातून हुकूम काढून टाकला की उरते ती मैत्री. बाबासाहेब ज्या बंधुतेबद्दल घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला बोलले आणि पुढे धम्मात ज्या मैत्रीपर्यंत पोचले, ती मला पुस्तकात समजली नव्हती. जिन्यात समजली.

आणि या मैत्रीत देवाणघेवाणीचा हिशेब नसतो. विनयातली गोष्ट तुमच्यातल्या अनेकांनी विहारात ऐकली असेल. एक भिक्खू अतिसारानं स्वतःच्या घाणीत पडलेला. तथागतांनी विचारलं, तुझ्याकडे कुणी बघत कसं नाही? तो म्हणाला, मी कुणाच्या कधी कामी आलो नाही, म्हणून. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं आणि मग संघाची हजेरी घेतली. जो कामी आला त्याचीच सेवा, हा बाजार झाला. मयत फंडाची थकबाकीदाराला नाही न म्हणणारी वही त्या भिक्खूच्या बाजूची आहे.

मग आभार मानायचेच नाहीत का? मानायचे, आणि जाहीर मानायचे. रमाई १९३५ च्या २७ मेला गेल्या. बाबासाहेबांनी १९४० सालचं पाकिस्तानवरचं आपलं पुस्तक त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं आणि ज्या दिवसांत कुणी मित्र नव्हते, पैसा नव्हता, त्या दिवसांत तिनं बरोबरीनं सोसलं याची नोंद पहिल्या पानावर केली. साऱ्या हिंदुस्थानच्या राजकारणावरचं पुस्तक, आणि त्याच्या दारात रमाई. घरातलं ऋण घरातच ठेवायचं नसतं, हे त्यातून शिकायचं.

आपण काय केलं? १० जानेवारी १९७४ ला मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. त्याचं नाव आपल्याला पाठ आहे, असायलाच हवं. पण त्या जानेवारीत वरळी पेटलेली असताना याच चाळींत कुणी जखमींची डोकी बांधली, पकडून नेलेल्यांच्या पोरांना कुणी जेवू घातलं, त्यांची नावं कुठं आहेत? १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्याकडे निघाल्या आणि त्याच प्लेगनं १० मार्चला गेल्या. ते नाव राहिलं. बाकीच्या हजारो पाठी पुसल्या गेल्या. चळवळीच्या इतिहासात भाषण करणारा आहे, भाकरी टाकणारी नाही.

आता सरकार. दम धरलात, बरं केलंत. वस्तीच्या मायेवर सरकारनं टेकून बसू नये. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. राज्याच्या जनआरोग्य योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव लागलं, तिच्यात डायलिसिस बसतं. कागदावर सगळं फुकट आहे. पण जिथं फुकट तिथं मशीन कमी आणि माणसं जास्त. आम्हाला जागा मिळायला पाच महिने लागले. तोवर दर खेपेला पैसे मोजले, त्यातही चाळीनं घातले. फुल्यांचं नाव दारावर आणि नंबर लागत नाही म्हणून माणूस परत, हा फुल्यांचा अपमान आहे. आमची पोरं खुर्ची उचलतील. मशीन उचलून आणायचं काम सरकारचं आहे. वॉर्डावॉर्डात मशीन मागा. योजनेचा फॉर्म, रेशनकार्ड, आधार यांत अडकलेल्या माणसाबरोबर जाऊन उभे राहा. हाही लढाच आहे, भले त्यात फोटो निघत नसेल.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात निकडीचं. चाळी जाणार. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट, स्वतःचा संडास, लिफ्ट. याच्या विरोधात बोलणारा मूर्ख. ज्यांनी शंभर वर्षं संडासाच्या रांगेत काढली, त्यांना चाळीच्या गोडव्यांच्या कविता कुणी ऐकवू नयेत. माझी आई लिफ्टनं खाली उतरली असती तर मला हवंच होतं. पण चाळीत दोन ओळींच्या मधून पॅसेज जातो आणि दारं उघडी असतात, म्हणून कोण कण्हतंय ते ऐकू येतं. चाळीस मजल्यांच्या इमारतीत दार आपोआप बंद होतं. आपला शेजार त्या पॅसेजवर उभा होता. पॅसेज गेल्यावर तो ठरवून उभा करावा लागेल. नाही केला तर घर पाचशे फुटांचं होईल आणि आजारपण एकट्याचं.

म्हणून या अंकाच्या मागच्या पानावर नेहमीची कविता नाही. कोरा तक्ता आहे. खोली, नाव, रक्तगट, रात्री-अपरात्री कोण येऊ शकेल, कुणाकडे गाडी आहे, फॉर्म कोण भरून देईल. डबा कोण देईल हा रकाना पहिला ठेवलाय. पान फाडा, जिन्यात लावा, लिफ्टपाशी लावा. गटाचं नाव लिहायला त्यात जागा ठेवलेली नाही. आमच्या चाळीतला तक्ता भरलाय. दुसऱ्या माळ्यावरचे एक काका आता डायलिसिसवर आहेत. गुरुवारची पाळी माझी आहे.

काकी, तुम्ही हे वाचणार नाही, पोरगी वाचून दाखवेल. उपकार म्हणत नाही. दार लावणार नाही.

जयभीम.