हजेरीपुस्तकात न दिसणारं दुखणं

सेमिस्टर संपत आलं की नोटीस बोर्डापुढे केवढी गर्दी होते ते तुम्हाला सांगायला नको. डिटेन्शनची यादी लागते आणि 75 टक्क्यांच्या खालचे सगळे आपापलं नाव शोधत असतात. गेल्या सेमिस्टरला त्या यादीत आमच्याच मजल्यावरच्या एका ज्युनिअरचं नाव होतं. हजेरी 58 टक्के. मेसमध्ये त्या रात्री त्याच्यावर भरपूर विनोद झाले. "दिसायला तर धडधाकट आहे, झोपतो किती!" हे वाक्य कोण बोललं ते आठवत नाही, पण हसणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी तो एचओडी सरांच्या केबिनबाहेर हॉस्पिटलची डिस्चार्ज कार्डं घेऊन बसलेला दिसला. एक नाही, तीन कार्डं. वरच्या कार्डावर लिहिलं होतं : सिकलसेल, एसएस पॅटर्न. हा लेख मी त्याला विचारूनच लिहितोय. त्याची एकच अट होती, नाव नको. ते का नको, ते पुढे सांगतो.

ते कार्ड बघून मी गप्प झालो, कारण मला एकदम माझं गाव आठवलं. मी पोंभुर्णा तालुक्यातला, चंद्रपूर जिल्ह्यातला. आमच्याकडे धानाची शेती, मोहाची झाडं आणि पावसाळ्यात चिखलातली रोवणी. सहावीत माझ्या बाकावर एक मित्र बसायचा. गणितात माझ्यापेक्षा हुशार. पण महिन्यातून चार-सहा दिवस गायब. परत आला की म्हणायचा, "हाडं दुखत होते बे." डोळे थोडे पिवळसर दिसायचे. अंगाने तो आमच्यापेक्षा लहानखुरा होता, चौथीतला वाटायचा. मी मॉनिटर होतो. गैरहजर मुलांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे, आणि मी ते फार इमानदारीने करायचो. एकदा त्याचं नाव सलग आठ दिवस फळ्यावर राहिलं. तो आला तेव्हा त्याला ग्राउंडला पाच चकरा मारायला लावल्या. एप्रिल महिना, सकाळी दहाचं ऊन. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि पुढे पंधरा दिवस आलाच नाही.

तेव्हा आम्हाला वाटलं, शिक्षेला घाबरला. खरं काय घडलं असेल ते मला इंजिनिअरिंगला आल्यावर, वाचताना समजलं. आपल्या भाषेत सांगतो. रक्तातली तांबडी पेशी साधारण 7 ते 8 मायक्रॉनची असते, आणि अगदी बारीक केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असतात. निरोगी पेशी वाकते, दबते आणि त्यातून पार होते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. पेशीने ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि पेशी कडक होते, विळ्यासारखी वाकडी. मग ती बारीक नळीत अडकते आणि पुढचं रक्त थांबतं. जिथे थांबतं तिथे असह्य कळा. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, फार दमणूक झाली की हे वाढतं. म्हणजे उन्हात पाच चकरा हा या मुलाला आजारी पाडायचा जवळजवळ हमखास उपाय होता! निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही 10 ते 20 दिवसांत मोडते. म्हणून सततचा अशक्तपणा, म्हणून पिवळे डोळे, म्हणून वाढ मागे पडलेली.

आता तुम्ही म्हणाल, हा तर आजार झाला, त्यात अपंगत्वाचा काय संबंध? मीही हाच प्रश्न एका सरांना विचारला होता. उत्तर कायद्यातच आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. डिसेंबर 2016 मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला आणि त्यात 21 प्रकार आले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार पहिल्यांदाच त्यात घेतले गेले. गंमत बघा, मी सहावीत ज्या वर्षी माझ्या मित्राचं नाव फळ्यावर लिहीत होतो, त्याच शैक्षणिक वर्षात त्याला कायद्याने हक्क मिळाला होता. गुरुजींना माहीत नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच.

या विषयावरचं संशोधन थोडंथोडकं नाही. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. ज्याच्या रक्तात त्या सापडल्या तो वॉल्टर क्लेमंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला, दंतवैद्यकीचा विद्यार्थी होता. आपल्यासारखाच घरापासून लांब राहून शिकणारा! आजारपणं काढत त्याने पदवी पूर्ण केली, मायदेशी जाऊन दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये, ऐन तारुण्यात, तो गेला. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. 1952 मध्ये भारतात नीलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये तो सापडला. पुढे पूर्व विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर असल्याचं दिसलं. या आजाराचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो यावरही काम झालं आहे. काही मुलांच्या मेंदूत रक्तपुरवठा अडल्याच्या बारीक खुणा तयार होतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण लक्ष लागणं आणि लक्षात राहणं यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणजे ज्याला आपण 'आळशी' किंवा 'ढ' म्हणतो, त्याच्या बाबतीत आपण सपशेल चुकत असू.

मग एवढं सगळं माहीत असताना माझ्या मित्राला चकरा का माराव्या लागल्या? माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. संशोधन होतं, कायदा होतो, पण ते हजेरीपुस्तकापर्यंत पोचत नाही. प्रयोगशाळेपासून वर्गापर्यंतचा हा रस्ता कोणी बांधतच नाही.

हे फक्त सिकलसेलचं नाही. मुंबईत 1972 साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ज्यांनी शाळा सुरू केली, त्या मिठू अलूर यांनी पुढे लंडन विद्यापीठात पीएचडी केली. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आपली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे 1975 पासूनची अंगणवाडी. लहान मुलांसाठीची देशातली ही सगळ्यात मोठी योजना, पण अपंग मूल तिच्या आखणीतच धरलेलं नाही, असं त्यांनी दाखवलं. प्रबंधाच्या नावातच त्यांनी या मुलांना 'अदृश्य' म्हटलं आहे. अंगणवाडीत येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. फक्त त्यांचा विचार केला नव्हता. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, पण त्या तक्त्यात रक्ताच्या आजारांसाठी वेगळा रकानाच नव्हता. जे मोजलं जात नाही त्याची सोयही होत नाही, हे आपण मेकॅनिकलवाल्यांना वेगळं शिकवायला नको.

आमच्या शेजारच्या गडचिरोलीत या बाबतीत एक चांगला धडा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' सुरू केली, तेव्हा त्यांनीही सिकलसेलचा अभ्यास केला होता. पण गावातल्या लोकांना त्यात फारसा रस वाटला नाही. हा प्रश्न संशोधकांना पडलेला होता, लोकांनी विचारलेला नव्हता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि पुढचे विषय लोकांशी बोलून घेतले. त्यातून गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवण्याचं काम उभं राहिलं. 39 गावांतल्या या कामाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, हा निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि 2011 पासून ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. मला यातून दोन गोष्टी कळतात. एक, संशोधन गावात वापरता येईल अशा रूपात उतरवलं तर दहावी न झालेली बाईसुद्धा जीव वाचवू शकते. दोन, जगलेल्या बाळाचं पुढे काय, हा प्रश्न आता शाळेने आणि कॉलेजने घ्यायचा आहे.

कोणी म्हणेल, अशा मुलांसाठी वेगळ्या संस्था असतात ना. असतात, आणि त्यांचं मोल मी कमी करत नाही. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमट्यांच्या त्या कामातून कुष्ठरुग्णांबरोबरच अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळाही उभ्या राहिल्या. जिथे बाहेरचं दार बंद होतं तिथे त्यांनी घर दिलं. पण सिकलसेलच्या मुलाला ब्रेल नको, खुणांची भाषा नको, वेगळी शाळा तर अजिबात नको. त्याला हवी आहे पाण्याची बाटली, उन्हातून सुटका आणि बुडलेला अभ्यास भरून काढायची संधी. 1994 मध्ये स्पेनमधल्या सलामांका इथे 92 देशांचे प्रतिनिधी जमले होते. मुलाने शाळेप्रमाणे बदलायचं नाही, शाळेने मुलाप्रमाणे बदलायचं, असा त्यांच्या जाहीरनाम्याचा सूर होता. सर्वसमावेशक शिक्षण म्हणजे एवढंच. रॅम्प त्याचा एक भाग झाला. नियम हा दुसरा, आणि रॅम्पपेक्षा स्वस्त!

आता आपल्या कॉलेजबद्दल. त्या ज्युनिअरला शेवटी परीक्षेला बसू दिलं, सरांनी समजून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण मला खटकतं ते हे की ती मेहरबानी ठरली. पुढच्या सेमिस्टरला वेगळे सर असतील तर? 2016 च्या कायद्याचं कलम 16 सांगतं की सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायची. मागणाऱ्याने हात जोडायचे, असं त्यात लिहिलेलं नाही.

"मग सगळेच सर्टिफिकेट आणतील" हा आक्षेप मी हॉस्टेलमध्ये दहा वेळा ऐकला. पण एसएस आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीत, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये स्पष्ट दिसतं. तिथे नाटक चालत नाही. शिवाय जो नुसता वाहक आहे, एएस, त्याला कायदा दिव्यांग मानत नाही.

कायदाही परिपूर्ण नाही, हेही सांगायला हवं. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना किमान 5 टक्के जागा आहेत, त्यात सिकलसेल येतो. पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार धरलेलेच नाहीत. म्हणजे शिका, पण पुढचं तुमचं तुम्ही बघा! जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 2047 चं लक्ष्य आहे, आदिवासी भागात सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. चांगलंच आहे. पण तपासणीत सापडलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर काय होतं, ते त्या वर्गातल्या माणसांवर अवलंबून राहणार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दीर्घ आजारात बुडालेली हजेरी आणि प्रॅक्टिकल्स कशी भरून काढायची याचा लेखी नियम असावा, सगळ्या विभागांना एकच. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर पिण्याचं पाणी, हिवाळ्यात गरम पाणी आणि मागणाऱ्याला तळमजल्याची खोली. सिकलसेलच्या मुलाला ताप आला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, एवढं रेक्टर सरांना आणि वॉचमनकाकांना माहीत असावं. आणि 'इंट्रो'च्या नावाखाली कोणालाही पळवणं, उठाबशा काढायला लावणं कायमचं बंद. याला किती खर्च येईल? आपल्या गॅदरिंगच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी.

आणि हो, नाव का नको ते राहिलंच. त्या ज्युनिअरला एक बहीण आहे. घरात सिकलसेल आहे हे पसरलं तर तिचं लग्न जमणार नाही, ही त्याच्या आईची भीती आहे. म्हणजे दुखणं तर सोसायचंच, वरून लपवायचंही. आपल्याशी बोलायला त्याला तीन कार्डं आणि एक डिटेन्शन लागलं, यात त्याच्यापेक्षा आपला दोष जास्त आहे.

माझा तो सहावीतला मित्र नववीत शाळेतून सुटला. आता गावातच मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. औषध चालू आहे, बरा असतो. दिवाळीत गेलो तेव्हा मी त्याला त्या पाच चकरांबद्दल विचारलं आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "तुले माईत नव्हतं, मले बी माईत नव्हतं. पण गुरुजीले तं कोनीतरी सांगाले पाह्यजे होतं ना बे."

मी त्याला काही उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख त्यासाठीच. आता आपल्या कॉलेजात तरी कोणी म्हणू नये, की आम्हाला माहीत नव्हतं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी