‘आपल्याला कसे दाखवले?’ याच्या पुढचे प्रश्न

वाचलेल्या कादंबरीवर, पाहिलेल्या वेबसिरीजवर आपण तरुण मंडळी भरपूर बोलतो. पण गोष्टीत मुस्लिम पात्र आले की सगळी चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : आपल्याला कसे दाखवले आहे? चांगले दाखवले तर सिरीज छान. वाईट दाखवले तर बदनामी. विषय संपला.

हा प्रश्न उगाच पडत नाही. हिंदी पडद्यावर वर्षानुवर्षे मुस्लिम माणूस म्हणजे एक तर दहशतवादी किंवा टोळीवाला, नाही तर नायकासाठी जीव देणारा इमानदार दोस्त. त्यामुळे मनात संशय येणारच. पण तिथेच थांबलो, तर चांगली कलाकृती आणि गोड खुशामत यांतला फरक आपल्याला कळणार नाही.

२०२० मध्ये आलेली ‘पाताल लोक’ घ्या. त्यातला इम्रान अन्सारी आपल्याला लगेच आवडतो. हुशार, सभ्य, यूपीएससीची तयारी करणारा पोलीस अधिकारी; सहकाऱ्यांचे टोमणे गिळून तो काम करत राहतो. पण त्याच सिरीजमध्ये कबीर एम. आहे. तो गुन्ह्यातला संशयित आहे आणि आपले मुसलमानपण लपवून जगतो. ते उघड होताच तपासाची गोष्टच बदलते. अन्सारीचा अभिमान बाळगणे सोपे आहे. पण मान मिळवण्यासाठी मुस्लिम माणसाने अन्सारीइतके निर्दोष असलेच पाहिजे का? चारचौघांसारख्या सामान्य, चुका करणाऱ्या मुसलमानाला न्याय मिळायला नको का? सिरीजवर बोलताना हा प्रश्न यायला हवा.

आता मराठीकडे वळू. हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ सालची. कोकणातले गाव, तिथले मुस्लिम आणि हिंदू, त्यांच्यातले जुने संबंध आणि हळूहळू वाढत जाणारा ताण. निवेदक स्वतः मुस्लिम आहे, पण तो कोणाचीही वकिली करत नाही. ‘आपल्याला कसे दाखवले’ या एका मापाने मोजली, तर ही कादंबरी कुणालाच आवडणार नाही. पण ताण कसा साचतो आणि शेजारी शेजाऱ्याला परका कसा होतो, हे समजून घ्यायचे असेल तर ती वाचायलाच हवी. हमीदभाईंना समाजकार्यामुळे ओळखणाऱ्या अनेकांनी त्यांची ही कादंबरी हातातही घेतलेली नसते.

कादंबरी नसली तरी बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहाचा उल्लेख टाळता येत नाही. मूळ कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या या इंग्रजी अनुवादाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. मुस्लिम बायकांचे घर, लग्न, तलाक, बाळंतपण हे सारे त्यात आहे. मशिदीत महिलांना प्रवेश असावा अशी बाजू घेतल्याबद्दल २००० साली लेखिकेने सामाजिक बहिष्कार सोसला होता. पुरस्काराच्या दिवशी अभिमानाचे स्टेटस ठेवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या कथांतल्या बायकांच्या तक्रारीवर घरात चर्चा केली?

इथे हमखास एक आक्षेप येतो : घरातले भांडण चव्हाट्यावर का आणायचे? विरोधक त्याचा वापर करतील. ही भीती खोटी नाही, वापर होतोही. पण आपण गप्प बसल्याने तो थांबत नाही. उलट आपली गोष्ट सांगण्याचे काम परक्यांच्या हाती जाते आणि घरातली पीडित बाई एकटी पडते. द्वेषाने केलेली टीका आणि आपुलकीने केलेली टीका यांतला फरक ओळखायचा, तर आधी पुस्तक पूर्ण वाचावे लागते. ट्रेलर पाहून किंवा फॉरवर्ड वाचून ते होत नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखाद्या कादंबरीवर वा सिरीजवर मत मांडाल तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारा. या पात्राला स्वतःचे मन आहे का, की ते फक्त समाजाचा नमुना म्हणून उभे आहे? गोष्टीतली बाई स्वतः बोलते का, की तिच्याबद्दल इतरच बोलतात? आणि ही गोष्ट संपल्यावर मला माझ्या घरातले, मोहल्ल्यातले काही नव्याने दिसले का?

मते वेगळी निघतील, वादही होतील. होऊ द्या. ज्या समाजातले तरुण एका कादंबरीवर मोकळेपणाने भांडू शकतात, तेच उद्या निकाहनाम्यातल्या अटींवर आणि बहिणीच्या वाट्यावरही बोलू शकतील.